लग्नाला येणाऱ्यांना लग्नाचाच व्हिसा द्या

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : भारतीय नागरिकाशी विवाह करण्यासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीला स्वतंत्र विवाह-व्हिसा देण्याबाबत

महोदय,



हैदराबादच्या जामबागेतून हे पत्र लिहिते आहे. एका अंगाला कोठी आणि सुलतान बाजार, दुसऱ्या अंगाला मोअज्जम जाही मार्केट, आणि मधे आमची वस्ती. निजामाच्या काळात नोकरीसाठी, वकिलीसाठी, शिक्षकीसाठी मराठी घरे या भागात आली आणि इथलीच झाली. विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था त्यांनी उभी केली. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नांदेड, परभणी, औरंगाबाद एका राज्यात गेले आणि आम्ही दुसऱ्या. बहिणीचे घर आणि भावाचे घर यांच्यामधून सीमा गेली, पण सोयरिकी थांबल्या नाहीत. आजही जामबागेतल्या कितीतरी सुना मराठवाड्यातून येतात आणि इथल्या लेकी तिकडे नांदतात.

आता या सोयरिकींचा पल्ला वाढला आहे. आमची मुले डॅलसला, फ्रँकफर्टला, मेलबर्नला शिकायला आणि नोकरीला गेली. काहींनी तिथेच जोडीदार पाहिला. मी शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर वस्तीतले लोक अर्ज वाचून घ्यायला, कागद लावून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यात लग्नासाठी येणाऱ्यांच्या व्हिसाचे अर्ज बरेच असतात. त्या कागदांनी मला जे शिकवले, त्याच्या आधाराने मी आपल्याकडे एकच मागणी करते आहे. भारतीय नागरिकाशी लग्न करायला या देशात येऊ इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तीला तोच हेतू उघडपणे लिहून अर्ज करता यावा, असा व्हिसा आपण सुरू करावा.

आज तसा व्हिसा नाही. पर्यटक, व्यवसाय, नोकरी, शिक्षण, उपचार, परिषद, संशोधन, पत्रकारिता, गिर्यारोहण, चित्रीकरण अशी यादी मोठी आहे. भारतीयाशी लग्न झालेल्या जोडीदारासाठी एक्स-व्हिसा, म्हणजे प्रवेश व्हिसा आहे. लग्न व्हायचे आहे, त्याच्यासाठी मात्र काही नाही. म्हणून होणारा जावई किंवा होणारी सून पर्यटक व्हिसावर येते. ई-व्हिसाच्या अर्जात पर्यटनाखाली मौजेचा प्रवास, स्थळदर्शन, मित्र-नातेवाइकांची भेट, योगाचा छोटा अभ्यासक्रम असे हेतू मिळतात. लग्न मिळत नाही. मग त्यातला एखादा हेतू निवडायचा आणि विमानतळावर कोणी विचारलेच, तर चारमिनार पाहायला आलो म्हणायचे. ज्या माणसाला आपण घरात घेणार, त्याला या देशाशी बोलताना पहिल्याच वाक्यात खरे लपवावे लागते. ताकाला जाऊन भांडे लपवायला आपला नियमच त्याला लावतो.

हा प्रश्न फक्त संकोचाचा नाही, हिशेबाचाही आहे. वधू-वर वेगळ्या धर्मांचे असतील, तर त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तो भारतीय नागरिकांपुरता मर्यादित नाही, परदेशी व्यक्तीलाही त्याखाली लग्न करता येते. दोघांपैकी किमान एकजण त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेला असावा लागतो. मग दोघांच्या सहीने विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. नोटीस लागल्यावर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबायचे. कोणी आक्षेप घेतलाच, तर चौकशीला आणखी ३० दिवस लागू शकतात. त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर नोटीस पुन्हा द्यायची.

आता ३० दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाचा विचार करा. शमशाबादच्या विमानतळावर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने नोटिशीवर सही केली, तरी नोटिशीची मुदत संपण्याआधी त्याला परत जावे लागते. एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा पर्यटक व्हिसा घेतला, तर मुक्कामाला अवधी मिळतो, पण हेतूचा प्रश्न तसाच राहतो. नोकरदार तरुणाला एवढी सलग रजा मिळत नाही, म्हणून सहीसाठी एक खेप आणि लग्नासाठी दुसरी करावी लागते. त्यातच निबंधक कार्यालयात त्याच्या वकिलातीचे अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र मागतात. ते मिळायला लागणारा वेळ वेगळाच.

हिंदू विवाह कायद्याने लग्न लवकर होते, असे पुष्कळ घरांना वाटते. परंतु तो कायदा दोन हिंदूंमधल्या विवाहापुरता आहे. आंध्रातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले, की हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यातले लग्न त्या कायद्याखाली लागले, तरी ते वैध होत नाही. मग उरते धर्मांतर. ज्या मुलाला आपल्या धर्माबद्दल तक्रार नाही, मुलीच्या घरच्यांनीही तशी अट घातलेली नाही, तो केवळ तारखा जुळाव्यात म्हणून शुद्धीच्या विधीला बसतो. श्रद्धेने केलेल्या धर्मांतराचा मी आदर करते. व्हिसाच्या मुदतीसाठी केलेले धर्मांतर कोणत्याच धर्माला शोभत नाही आणि ते करायला लावणारी व्यवस्था राज्यालाही शोभत नाही.

आणखी एक वाट आहे, ती देशाबाहेर जाते. माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत नोकरी करते. तिचा जोडीदार तिथलाच. लग्न जामबागेत, आपल्या माणसांत व्हावे, अशी तिच्या आईची इच्छा होती. मुलालाही हवे होते. तारखा, सुट्या, नोटीस, व्हिसा यांचा मेळ बसेना. शेवटी दोघे डेन्मार्कला गेली. परदेशी जोडप्यांची लग्ने तिथे लवकर लागतात, म्हणून युरोपात राहणारे पुष्कळ जण तिकडे जातात. आईने लेकीचे लग्न मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. घाणा भरला नाही, हळद लागली नाही, आजोबांच्या हातून अक्षता पडल्या नाहीत. या घरावर कोणी अन्याय केला, असे मी म्हणत नाही. ज्या दाराने जावई यायला हवा होता, ते दार आपल्या नियमांत केलेलेच नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

महोदय, लग्न झाल्यानंतरची प्रत्येक पायरी आपल्या कायद्याने बांधलेली आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे एक्स-व्हिसासाठी अर्ज करता येतो. नोंदवलेल्या लग्नाला दोन वर्षे झाली, की जोडीदार ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डासाठी अर्ज करू शकतो. सात वर्षे इथे वास्तव्य केले, की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याखाली नागरिकत्व मागता येते. म्हणजे भारतीयाने परदेशी व्यक्तीशी लग्न करण्याला राज्याची हरकत नाही. लग्नाआधीची पायरी तेवढी राहून गेली आहे.

इतर देशांनी ती बांधली आहे, हे हैदराबादइतके कोणत्या शहराला ठाऊक असेल? इथे व्हिसासाठी लोक चिलकूरच्या बालाजीला ११ प्रदक्षिणांचा नवस बोलतात आणि व्हिसा मिळाला, की १०८ घालून तो फेडतात. अमेरिकेचा के-१ व्हिसा वाग्दत्त जोडीदारासाठी आहे. अमेरिकन नागरिकाने आधी अर्ज करायचा, अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात, आणि तिथे पोचल्यापासून ९० दिवसांत लग्न लावायचे. दोन वर्षांत भेटण्याच्या अटीला त्या कायद्याने अपवादही ठेवला आहे. लग्नाआधी वधू-वरांनी भेटू नये अशी कोणाची रूढ प्रथा असेल, तर सूट मागता येते. ब्रिटन वाग्दत्त जोडीदाराला सहा महिने देते. ऑस्ट्रेलियाचा असा व्हिसा ९ ते १५ महिन्यांचा असतो. या सगळ्यांमध्ये हेतू लपवावा लागत नाही. अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहायचे असते, की आम्ही लग्न करणार आहोत.

त्यांचे सगळेच घ्या, असे मी म्हणणार नाही. ब्रिटनने एप्रिल २०२४ मध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाची अट २९,००० पौंडांवर नेली. तिच्यामुळे कमी पगाराच्या माणसाला आपल्याच बायकोबरोबर राहणे अवघड झाले. त्याच देशात १९९७ पर्यंत असा नियम होता, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावे. आणि २४ जानेवारी १९७९ चा दिवस तर कोणत्याही भारतीय बाईने विसरू नये. लग्नासाठी लंडनला उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी करण्यात आली. ती खरोखर अविवाहित आहे का, असा अधिकाऱ्यांना संशय होता. बातमी बाहेर आल्यावर भारतात संतापाची लाट उसळली, आपल्या सरकारने निषेध नोंदवला आणि ब्रिटनला ही तपासणी थांबवावी लागली. त्यांच्या भारतातल्या कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्या होत्या, हे पुढे उजेडात आले. लग्नाच्या हेतूची चौकशी सभ्यतेची मर्यादा ओलांडते, तेव्हा काय होते, हे आपण सोसून शिकलो आहोत. म्हणून आपला व्हिसा आपण अधिक माणुसकीने आखू शकतो.

नियमच नसला, की मर्जी चालते, हेही आमच्या शेजारच्या एका इमारतीने पाहिले आहे. जामबागेतून चालत जाण्याच्या अंतरावर कोठीची जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी आहे, आता तिथे महिला विद्यापीठ आहे. ती बांधवून घेणारा रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याने १८०१ च्या सुमारास हैदराबादच्या खानदानी घरातल्या खैरुन्निसा हिच्याशी लग्न केले. कंपनी सरकारला ते रुचले नाही. त्याची चौकशी झाली, साक्षी घेतल्या गेल्या, त्याची नोकरी धोक्यात आली. १८०५ साली दोन्ही मुले इंग्लंडला पाठवली गेली आणि त्याच वर्षी किर्कपॅट्रिक वारला. खैरुन्निसाला तिची मुले पुन्हा कधी दिसली नाहीत. त्या घराचे भवितव्य वरच्या साहेबाच्या मनावर अवलंबून होते. आज प्रजासत्ताकात ते कोणाच्या मनावर अवलंबून राहू नये. ते लिहिलेल्या, सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या नियमावर असावे.

आपल्या खात्याची पहिली चिंता सुरक्षेची असणार, आणि ती रास्त आहे. लग्नाच्या नावाखाली काय चालते, हे हैदराबादने फार जवळून पाहिले आहे. १९९१ साली इथून निघालेल्या विमानात एक लहान मुलगी रडताना एका हवाई सुंदरीला दिसली. साठीच्या एका अरबाशी तिचे लग्न लावून तिला परदेशी नेले जात होते. त्या हवाई सुंदरीच्या जागरूकतेने मुलगी वाचली आणि सारा देश हादरला. २०१७ साली पुन्हा शहर पोलिसांनी ओमान आणि कतारच्या नागरिकांना, दलालांना आणि काही काझींना अशाच प्रकरणांत अटक केली. जुन्या शहरातल्या गरीब घरांतल्या मुलींचा हा सौदा आम्हाला लाज आणतो.

पण नेमके याचमुळे विवाह-व्हिसा हवा. जोवर लग्नाचा हेतू कोणत्याच व्हिसावर नोंदवला जात नाही, तोवर त्या हेतूची तपासणीही कोणी करत नाही. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, की तुझे आधी लग्न झाले आहे का, वधूचे वय काय, तिला तू कधी भेटलास, तिची संमती आहे का. विवाह-व्हिसा असेल, तर ही उत्तरे विमानात बसण्याआधीच द्यावी लागतील. वधूच्या वयाचा पुरावा, वराच्या वैवाहिक स्थितीचे प्रमाणपत्र, पूर्वीच्या गुन्ह्यांची माहिती, आणि भारतीय जोडीदाराशी एकांतात केलेली विचारपूस, हे सगळे आधी होईल. आणि हा व्हिसा नसताना परदेशी पाहुण्याचा निकाह किंवा विवाह कोणी घाईने लावू पाहिला, तर पोलिसांना आणि निबंधकांना थांबवून विचारायला ठोस आधार मिळेल. प्रामाणिक जोडप्याला जो दरवाजा उघडतो, तोच गैरहेतूच्या माणसाला अडवतो.

माझ्या समजुतीप्रमाणे या व्हिसात पुढच्या गोष्टी असाव्यात.

पहिली : मुदत किमान १८० दिवसांची असावी. नोटीस, प्रतीक्षा, एखादा आक्षेप, लग्न, नोंदणी आणि त्यानंतर एक्स-व्हिसाचा अर्ज, हे सगळे एकाच खेपेत व्हावे.

दुसरी : विशेष विवाह कायद्याची नोटीस परदेशातल्या आपल्या वकिलातीतून देता यावी, म्हणजे ३० दिवसांची मुदत माणूस इथे पोचण्याआधीच सुरू होईल. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली परदेशातले आपले विवाह अधिकारी नोटिसा घेतात, आक्षेप ऐकतात, लग्नेही लावतात. त्यांना हे काम नवे नाही. यासाठी कायदा मंत्रालयाशी बोलून दुरुस्ती करावी लागली, तर आपण पुढाकार घ्यावा.

तिसरी : नकार द्यायचा असेल, तर कारण लेखी द्यावे आणि फेरविचाराची सोय ठेवावी. कारण न कळलेला नकार दोन्ही घरांना वर्षानुवर्षे कुरतडत राहतो.

चौथी : चौकशी कागदांची आणि संमतीची असावी. शरीराची, जातीची, धर्माची आणि पगाराच्या आकड्याची नसावी. जोडीदाराला सांभाळण्याची हमी भारतीय नागरिकाने द्यावी, एवढे पुरे.

पाचवी : लग्नानंतर घरात मारहाण किंवा छळ झाला, तर परदेशी जोडीदाराचा इथे राहण्याचा हक्क नवऱ्याच्या किंवा बायकोच्या सहीवर लटकलेला नसावा. अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने अशा पीडितांना स्वतंत्रपणे अर्ज करण्याची वाट दिली. आपल्याकडे येणाऱ्या सुनेलाही ती असावी. आपल्या लेकी परदेशात अशा सहीपायी कशा कोंडीत सापडतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

असे बाहेरून आलेले जोडीदार या देशाला काय देतात, त्याची साक्ष प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दरवर्षी दिसते. परमवीर चक्र पदकाची रचना सावित्री खानोलकर यांनी केली. त्यांचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमधल्या नशातेलचा, आईवडिलांनी ठेवलेले नाव ईव्ह. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी त्यांची ओळख झाली. वडिलांच्या विरोधाला न जुमानता त्या भारतात आल्या आणि १९३२ साली लखनौला त्यांचे लग्न झाले. त्या मराठी, संस्कृत, हिंदी शिकल्या, पुराणे वाचली, आणि दधीचीच्या अस्थींपासून बनलेले इंद्राचे वज्र त्यांनी या देशाच्या सर्वोच्च शौर्यपदकावर आणले. मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या. १९७६ साली भारत पाटणकरांशी त्यांनी लग्न केले, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला घर केले. फुले-आंबेडकरी विचारांवरचे त्यांचे लेखन वाचल्याशिवाय आज महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास पुरा होत नाही. २०२१ साली त्या कासेगावलाच वारल्या.

या दोघींसारखी मोठी कामगिरी प्रत्येक जोडीदार करील, असे नाही. करावी, अशी अटही नको. कोणी जामबागेत राहून सासूबरोबर पुरणपोळी लाटेल, कोणी हायटेक सिटीत नोकरी करील, कोणी मुलांना दोन भाषांमधून गोष्टी सांगेल. एका भारतीय नागरिकाने त्याला आपला माणूस म्हणून निवडले आहे, एवढे कारण राज्याला पुरेसे असायला हवे. कारण इथे हक्क मागतो आहे तो आपलाच नागरिक. त्याला आपल्या आईवडिलांच्या दारात, आपल्या कायद्याने, काहीही न लपवता लग्न करायचे आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९२०, १९३९ आणि १९४६ सालचे परदेशी माणसाकडे संशयानेच पाहणारे कायदे त्याने मोडीत काढले. नियमांची घडी नव्याने बसवली जात असताना ही राहिलेली पायरी बांधून घ्यावी. व्हिसाचा एक प्रकार वाढवणे आपल्या खात्याच्या अखत्यारीत आहे आणि त्याची सुरुवात एका अधिसूचनेने होऊ शकते. ती आपण काढावी, आणि येत्या लग्नसराईत अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना हेतूच्या रकान्यात 'विवाह' असे लिहिता यावे, ही आपल्याकडे आग्रहाची विनंती.

आपली विश्वासू,
जामबागेतील एक निवृत्त शिक्षिका
हैदराबाद